ब गटातली डोरेथा पेटस

डोरेथा पेटस तेहेतीस वर्षं विदरबी विद्यापीठाच्या भोजनगृहात ताकातले पाव करत होती. पहाटे पीठ मळायला घ्यायचं, सातच्या ठोक्याला पहिली परात बाहेर न्यायची, आणि अकराला ओटा पुसून झाला की खुर्चीत बसून बुटांचे बंद सैल करायचे, असा तिचा दिवस. पाव चांगले होत. हे तिला कुणी सांगावं लागत नसे, आणि कुणी सांगितलंच तर ती नुसतं "हं" म्हणे.

भोजनगृहाच्या दाराशी तक्रारींची पेटी होती. मुकादम रँडल आठवड्यातून एकदा ती उघडायचा आणि चिठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर टाचायचा. पावांबद्दल तक्रारी दोनच असत. पाव गार होता, नाहीतर पाव संपला होता. डोरेथाचं म्हणणं असं, की पहिली तक्रार करणारा साडेनवाला उगवलेला असतो आणि दुसरी करणारा दहाला. पण चिठ्ठीवर वेळ लिहायची पद्धत नव्हती.

विदरबी गाव व्हर्जिनियाच्या दक्षिण अंगाला. विद्यापीठ टेकडीवर, गाव टेकडीखाली. डोरेथाचे वडील तंबाखूच्या वखारीत होते आणि आई प्राध्यापकांच्या शर्टांना इस्त्री करायची. गावातली काळी माणसं सकाळी टेकडी चढायची आणि संध्याकाळी उतरायची. कधीपासून, हे कुणी विचारत नसे. काम वर होतं, घरं खाली होती.

ती १९८८ साली कामाला लागली तेव्हा नोकरी थेट विद्यापीठाची होती. ओळखपत्रावर विद्यापीठाचा शिक्का होता. पगार बेताचाच, पण या नोकरीला एक नियम जोडलेला होता: नोकराच्या मुलाला विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर फी माफ. या एका नियमापायी टेकडीवरची झाडू मारायची नोकरीसुद्धा लोक सोडत नसत. डोरेथाला एकच मुलगी, मार्वा. नवरा न्यूपोर्ट न्यूज बंदरातल्या जहाजांच्या कारखान्यात कामाला म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. त्याबद्दल डोरेथा एवढंच सांगायची, की जहाजं मोठी असतात, वेळ लागतो.

मार्वा हुशार निघाली. रसायनशास्त्रात तर तिचे शिक्षक तिला विचारून उत्तरं तपासत.

२००४ साली विद्यापीठाने स्वयंपाकघर एका कंपनीला कंत्राटावर दिलं. त्यासाठी सगळ्यांना सभेला बोलावलं, साखर लावलेले तळलेले वडे ठेवले, आणि टाय लावलेल्या एका गृहस्थांनी पाऊण तास समजावून सांगितलं, की काहीही बदलणार नाही. चूल तीच, भट्टी तीच, माणसं तीच. एप्रन तेवढे नवे, आणि छातीवरचा बिल्ला कंपनीचा. दुपारी जेवताना डोरेथाची मैत्रीण इर्मा जीन म्हणाली, "काही बदलणार नाही, एवढंच सांगायला इतका महागाचा माणूस कशाला आणला?"

ते पुढच्या एप्रिलमध्ये कळलं. मार्वाला विदरबीत प्रवेश मिळाला. डोरेथा पत्र घेऊन, चर्चचा ठेवणीतला झगा घालून कर्मचारी कार्यालयात गेली. खिडकीवरची बाई स्वभावाने चांगली होती. तिने कागद पाहिले, संगणकात पाहिलं, पुन्हा कागद पाहिले आणि म्हणाली, की तुम्ही आमच्याकडे कामाला नाही आहात.

"मी सकाळी तुमच्या ताटात पाव वाढला," डोरेथा म्हणाली.

"हो, छान होता," बाई म्हणाली. "पण तुम्ही कंपनीच्या."

कंपनीकडे असा नियम नव्हता. कंपनीकडे विद्यापीठच नव्हतं. मार्वा दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात गेली, मग रिचमंडला, आणि तिथल्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या कामाला लागली. डोरेथाने ते प्रवेशाचं पत्र बायबलमध्ये ठेवलं आणि त्याविषयी घरात कधी चकार शब्द काढला नाही.

पुढे २०१९ साली विद्यापीठाला आपला भूतकाळ आठवला. इतर विद्यापीठांना तो आधीच आठवायला लागला होता, त्यामुळे विदरबीलाही फार थांबता येईना. विश्वस्तांनी समिती नेमली. तिचं नाव दोन ओळींचं होतं आणि त्यात सत्य, स्मृती, गुलामगिरी आणि उत्तरदायित्व असे चारही शब्द होते. स्वयंपाकघरात तिला "ती समिती" म्हणत. ती समिती दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी भरायची, आणि बैठकीला चाळीस पाव लागायचे.

समितीचं खरं काम एकच बाई करत होती. प्राध्यापक लिंडक्विस्ट, इतिहासाची, मिनेसोटाकडची. उंच, किडकिडीत, कायम कुठला तरी कागद हरवलेला असल्यासारखी चालायची. रोज सकाळी रांगेत येऊन दोन पाव घ्यायची आणि "कशा आहात?" असं विचारून उत्तरासाठी खरोखर थांबायची. मागच्या रांगेची त्यामुळे पंचाईत व्हायची. दोन वर्षं तिने तळघरातली दप्तरं उपसली. कॉलेज १७९४ साली निघालं तेव्हापासून गुलामी संपेपर्यंत तिथे कोण कोण राबलं, त्यांची नावं ती शोधत होती. तिला दोनशे चौदा नावं मिळाली.

त्यातली एकतीस माणसं कॉलेजच्या स्वतःच्या मालकीची होती. बाकीची भाड्याची. आसपासच्या मळेवाल्यांकडे आणि त्यांच्या विधवांकडे जास्तीची माणसं असत, ती दर नववर्षाच्या दिवशी वर्षभराच्या बोलीने कॉलेजला दिली जात. वर्षभर विटा भाजायच्या, लाकडं फोडायची, रांधायचं, नाताळात मालकिणीकडे परत, आणि नववर्षाला पुन्हा टेकडीवर. समितीने याचे दोन गट केले. मालकीचे ते अ गट, भाड्याचे ते ब गट. विद्यापीठाच्या वकिलांचं मत पडलं, की ब गटाबाबत विद्यापीठाची जबाबदारी अप्रत्यक्ष आहे, कारण ती माणसं विद्यापीठाची नव्हतीच. म्हणून अ गटाच्या वंशजांच्या मुलाबाळांना प्रवेशात प्राधान्य आणि शिष्यवृत्ती, आणि ब गटाच्या वंशजांना सन्मानपत्र आणि रात्रीचं जेवण, असं ठरलं.

२०२१च्या मार्चमध्ये डोरेथाच्या घरी जाड कागदाचा लिफाफा आला. टेकडीवरून तिच्या घरी चालत यायला बारा मिनिटं लागतात. लिफाफा आधी टपालाच्या वर्गवारीसाठी रिचमंडला गेला आणि चार दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं, की माउंट नेबो चर्चच्या जुन्या नोंदींवरून असं दिसतं, की केझाया नावाची जी स्त्री १८४९ ते १८६३ या काळात कॉलेजात स्वयंपाकीण होती, तिच्या आपण वंशज आहात. केझाया मिसेस टॅब या विधवा बाईंची होती. गट ब.

डोरेथाने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि मार्वाला फोन केला. आपल्या आज्याच्या आजीचं नाव तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मार्वाने विचारलं, की ती काय काम करायची. डोरेथा म्हणाली, "स्वयंपाक."

दुसऱ्या दिवशी लिंडक्विस्टबाई रांगेत आल्या. डोरेथाने चिमट्याने दोन पाव उचलले आणि म्हणाली, की तुमचं पत्र मिळालं.

"कुठलं पत्र, मिस डोरेथा?"

"केझायाचं. मी पेटस."

बिल्ल्यावर नुसतं डोरेथा लिहिलेलं होतं. लिंडक्विस्टबाईंनी ताट खाली ठेवलं. केझायाच्या वंशजांसाठी त्यांनी ओहायोला पत्रं पाठवली होती, फिलाडेल्फियाला दोन खेपा घातल्या होत्या, एका उन्हाळ्यात शिकागोच्या दफनभूमीत तीन दिवस काढले होते. त्यांचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

"मी दोन वर्षं रोज तुमच्या हातून पाव घेतेय," त्या म्हणाल्या.

"दोन-दोन," डोरेथा म्हणाली. "पुढे सरका बाई, मागे रांग आहे."

अकरा वाजता ओटा पुसून डोरेथा ग्रंथालयात गेली. वरच्या मजल्यावर एका थंड खोलीत लिंडक्विस्टबाईंनी तिच्यापुढे एक कागद ठेवला आणि हातात घालायला मऊ हातमोजे दिले. अक्षर गिचमिड होतं, म्हणून बाईंनीच वाचून दाखवलं. १८५३ सालच्या नोव्हेंबरात कॉलेजातल्या तेवीस तरुण महाशयांनी कारभारी मंडळाकडे अर्ज केला होता. न्याहारीचा पाव गार असतो, आणि त्याबद्दल विचारणा केली असता स्वयंपाकीण केझाया उद्धटपणे बोलते, अशी तक्रार होती. मंडळाने चौकशी केली. केझायाचं उत्तर लिहून घेतलेलं होतं. इतक्या वर्षांच्या दप्तरात तिच्या तोंडचं हे एकच वाक्य उरलं होतं.

"पाव चुलीतून गरमच निघतो," लिंडक्विस्टबाईंनी वाचलं. "महाशय उशिरा उठतात."

डोरेथा हसली नाही. तिने कागदावरच्या त्या ओळीकडे बघून मान हलवली, फळ्यावरची चिठ्ठी बघून हलवायची तशीच.

"पुढे?"

लिंडक्विस्टबाई अडखळल्या. मग त्यांनी वाचलं, की मंडळाने ठराव केला: सदर स्त्रीला शिस्त लावण्यात यावी, आणि न्याहारीची घंटा दहा मिनिटं आधी वाजवण्यात यावी.

"शिस्त म्हणजे?"

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, की या कागदांत त्या शब्दाचा अर्थ चाबूक असा होतो. किती, ते लिहिलेलं नाही.

खोलीत हवा खेळवणाऱ्या यंत्राची घरघर चालू होती. डोरेथाने मांडीवरचे हात उलटे केले, सुलटे केले. तिच्या डाव्या मनगटावर भट्टीच्या दाराचा जुना डाग होता, त्यावरून तिने अंगठा फिरवला.

"आणि घंटा खरंच आधी वाजवली?" तिने विचारलं.

"हो. पुढच्या सोमवारपासून."

"म्हणजे तिचं बरोबर होतं."

"हो," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या.

"हे त्यांनाही कळलं होतं."

डोरेथाने त्या कागदाची नक्कल मागितली, ती त्यांनी दिली. शिक्का मारून दिली.

वंशजांच्या सन्मानाचं जेवण एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी होतं. डोरेथाने आमंत्रण रँडलला दाखवलं आणि सुट्टी मागितली. रँडलने पाळीचा तक्ता काढला. दीडशे पानांचं जेवण, वाढायला चौदा माणसं, आणि त्यात सहाव्या क्रमांकावर डोरेथा पेटस. रँडल वाईट माणूस नव्हता, त्याच्यावरही साहेब होते. त्याने आमंत्रण वाचलं, तक्ता वाचला, आणि म्हणाला, की कंपनीचा नियम आहे, बदली माणूस ज्याचा त्याने शोधायचा.

"म्हणजे मला जेवायला यायचं तर मला वाढणारी मीच शोधू?"

"तसं नाही... हो," रँडल म्हणाला. "तसंच."

इर्मा जीन बदली उभी राहिली. एका अटीवर, की डोरेथाने नीट बसून, वाढलेलं सगळं संपवायचं.

त्या संध्याकाळी डोरेथा निळा झगा आणि आईची टोपी घालून मोठ्या दिवाणखान्यात गेली. मार्वा रिचमंडहून आली होती. टेबल तीन, समोर दोघींची नावं सोनेरी अक्षरांत. डोरेथाने आधी काटे सरळ केले, मग शेजारच्या टेबलावरचेही केले, तेव्हा मार्वाने तिचा हात धरून खाली ठेवला. इर्मा जीन पांढरे हातमोजे घालून आली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम काय घेणार, कोंबडी की मासा?"

"मासा किती वाजता उतरवलाय?"

"कोंबडी घ्या, मॅडम."

कुलगुरू व्हिटकोम बोलायला उभे राहिले. ते चांगलं बोलले. मध्ये एकदा थांबले, आणि ते थांबणं खरं असावं असं डोरेथाला वाटलं. विद्यापीठ मान खाली घालून उभं आहे, असं ते म्हणाले. मग अ गटाच्या वंशजांची नावं पुकारली, त्यांना शिष्यवृत्तीची पत्रं दिली. मग ब गटाची नावं पुकारली, त्यांना चौकटीतली सन्मानपत्रं दिली. शेवटी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलावं, असं सांगितलं. अशा वेळी सहसा कुणी बोलत नाही. डोरेथाही बोलणारी नव्हती. ती उठली ती सन्मानपत्र परत द्यायला.

कुलगुरूंना वाटलं, नावात चूक झाली असेल. त्यांनी आपुलकीने विचारलं, काय झालं. समोर ध्वनिवर्धक चालू होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुम्ही म्हणता केझाया तुमची नव्हती, मिसेस टॅबची होती," डोरेथा म्हणाली. "मी इथल्या स्वयंपाकघरात तेहेतीस वर्षं आहे. माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी तुमच्या कचेरीने सांगितलं, की मीही तुमची नाही, कंपनीची आहे. आजची सुट्टी मागितली, तर मला बदली शोधायला लागली. तेव्हा हे सन्मानपत्र ठेवा तुमच्याकडे. आम्ही तुमच्या कधी होतो, ते आधी ठरवा, मग द्या."

तिने चौकट टेबलावर ठेवली, काच खाली जाणार नाही अशी, आणि जागेवर येऊन बसली. दिवाणखान्यात कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हलेना. वाढणारे तेरा जण भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि चौदावी इर्मा जीन खीर घेऊन निघाली होती ती मध्येच थांबली. मार्वाने आईकडे पाहिलं नाही. ती समोरच्या ताटातले वाटाणे मोजल्यासारखे बघत बसली. मग इर्मा जीनने खीर वाढायला सुरुवात केली, कारण खीर गार होत होती.

सोमवारी रँडलने डोरेथाला बोलावलं. वरून फोन आला होता: ग्राहकाच्या आवारात कर्मचाऱ्याने अनुचित वक्तव्य केल्याबद्दल ताकीद द्यावी. अडचण अशी, की ताकीदपत्राच्या छापील नमुन्यात कामाची पाळी भरायची जागा होती, आणि त्या संध्याकाळी डोरेथाची पाळीच नव्हती. पाळी इर्मा जीनची होती, आणि इर्मा जीन बोलली नव्हती. रँडलने अर्धा तास त्या कागदाशी झटापट केली. शेवटी तो म्हणाला, "मिस डोरेथा, मी तुम्हाला बोलावलं होतं, आणि तुम्ही आला होतात, एवढं लिहितो." तिने सही केली.

पण आता तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली होती आणि ती निघेना. आठवडाभर पीठ मळताना ती तीच घोळवत होती. मग एका दुपारी तिने इर्मा जीनकडून वहीचा कागद मागून घेतला आणि त्यावर समितीला अर्ज लिहिला. अर्ज चार ओळींचा होता. खाली सही करणारे आम्ही विद्यापीठाच्या आवारात रांधतो, वाढतो, झाडतो. आम्ही विद्यापीठाचे नाही, दुसऱ्याकडून वर्षाच्या कराराने घेतलेले आहोत. समितीने अशा लोकांचा ब गट केलेला आहे. तरी आमची नावं त्या गटात घालावीत.

इर्मा जीनने वाचलं आणि कागद खाली ठेवला. ती म्हणाली, की हे बरं नाही. केझायाला चाबूक बसला, तिची पोरं तिच्या हातात नव्हती. आपल्याला पगार मिळतो, आपण संध्याकाळी घरी जातो, आवडलं नाही तर उद्या सोडून जाऊ. आपण तिच्या पंक्तीला कसे बसणार?

"नाहीच बसत," डोरेथा म्हणाली. "तिचं भोगणं तिचं. मी सारखं म्हणतच नाहीये. मी म्हणते, सबब सारखी आहे. एकशे साठ वर्षांत यांना दुसरी सुचली नाही."

इर्मा जीनने थोडा विचार केला आणि पहिली सही तिची. दोन आठवड्यांत एक्केचाळीस सह्या झाल्या. रँडलने सही केली नाही, पण स्वतःचं पेन दिलं आणि परत मागितलं नाही.

जूनच्या पहिल्या मंगळवारी समितीपुढे अर्ज आला. न्याहारीला डोरेथाचेच पाव होते. समितीने पाव खाल्ले आणि अर्ज नामंजूर केला. कारण असं दिलं, की समितीचा अभ्यासकाल १७९४ ते १८६५ इतका आहे, आणि अर्जदार त्याच्या बाहेर पडतात. मात्र लिंडक्विस्टबाई हटून बसल्या, की दप्तरात आलेला कागद हा कागद असतो, तो अहवालाला जोडलाच पाहिजे. तो जोडला गेला. परिशिष्ट सात. केझायाबद्दलचा तेवीस महाशयांचा अर्ज परिशिष्ट सहामध्ये होता, त्यामुळे अहवाल चाळणाऱ्याला दोन्ही समोरासमोरच्या पानांवर दिसत. हे मुद्दाम केलं का, असं डोरेथाने विचारलं तेव्हा लिंडक्विस्टबाई म्हणाल्या, की क्रम तारखेप्रमाणे असतो.

ती दोन पानं विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने जशीच्या तशी छापली. मग रिचमंडच्या वर्तमानपत्राने. मग जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं यायला लागली. त्यातल्या काहींना डोरेथाचे पाव आठवत होते आणि काहींना स्वतःची देणगी आठवत होती. घोंगडं चार-पाच महिने भिजत पडलं. नोव्हेंबरात विश्वस्तांनी अ आणि ब हे गट मोडून एकच यादी केली. फेब्रुवारीत दुसरा ठराव आला: आवारात तीन वर्षं काम केलेल्या कुणाच्याही मुलाला फी माफ, मग छातीवरचा बिल्ला कुणाचाही असो. कंत्राट कंपनीकडेच राहिलं. कंपनीच्या साहेबांनी पत्रक काढून कळवलं, की यामुळे काहीही बदलत नाही. रँडलने ते फळ्यावर टाचलं.

पहिला लाभ झाला तो इर्मा जीनच्या धाकट्या मुलीला, शनीसला. इर्मा जीन भोजनगृहातच रडली आणि मग सगळ्यांवर चिडली.

ठरावानंतरच्या रविवारी डोरेथाने मार्वाला फोन करून तो सांगितला. मार्वा तेव्हा चौतीस वर्षांची होती, विभागाची प्रमुख झाली होती, आणि रसायनशास्त्राच्या पदवीशिवाय जिथवर जाता येतं तिथवर पोचली होती. ठरावात वयाची अट नाही, असं डोरेथाने सांगितलं.

"मला आता काय करायचंय ते, ममा," मार्वा म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "दोन हजार पाच साली तू तोंडातून शब्द काढला नव्हतास. मी वाट बघत होते. मला वाटलं, तुला बरंच वाटलं असेल, मी जवळच्या कॉलेजात गेले ते."

डोरेथाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेव्हा मला वाटलं, हे नवीन आहे," ती म्हणाली. "कुणाची तरी चूक असेल, दुरुस्त करतील. हे इतकं जुनं आहे, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याच दिवशी बोलले असते."

डोरेथा खुर्ची ओढून बसली.

"मार्वा, माझं चुकलं. मी त्या बाईला एवढंच म्हणाले, की मी तुम्हाला पाव वाढला."

"तू असं म्हणालीस?"

"हो."

"ती काय म्हणाली?"

"छान होता म्हणाली."

मार्वा हसायला लागली, आणि हसताहसता मध्येच तिचा आवाज फुटला. डोरेथा फोन धरून बसून राहिली. मग मार्वाने नाक शिंकरलं आणि विचारलं, की पुढच्या शनिवारी येऊ का.

ती आली. लिंडक्विस्टबाईंनी दरम्यान आणखी एक चिटोरं पाठवलं होतं: १८७०च्या जनगणनेत केझाया पेटस, वय अंदाजे पन्नास, स्वतःचं घर सांभाळते, तीन मुलं, डेपो स्ट्रीट. पेटस हे आडनाव तिने कुठून घेतलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टॅब मात्र घेतलं नव्हतं. जुन्या नकाशावरून घराची जागा काढली, तर ती डोरेथाच्या घरापासून सहावी निघाली. तिथे आता टायरांचं दुकान आहे.

दोघी चालत गेल्या. दुकानाच्या आवारात त्या उभ्या राहिल्या, इकडे तिकडे पाहिलं. तेल सांडलेली जमीन, टायरांच्या चळती, मागे एक आक्रोडाचं झाड. दुकानदार हात पुसत बाहेर आला आणि विचारलं, गाडी कुठाय. डोरेथा म्हणाली, गाडी नाही, आमची आजी इथे राहायची. त्याने कधी म्हणून विचारलं. मार्वाने साल सांगितलं. दुकानदाराने दुकानाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि जरा अपराध्यासारखा म्हणाला, की मी अठ्ठ्याण्णव साली घेतलंय, रीतसर.

मग तो आत गेला आणि दोन लोखंडी खुर्च्या घेऊन आला. झाडाखाली मांडून दिल्या. दोघी बसल्या. बोलल्या थोडंच. मार्वाने बूट काढून पाय गवतावर ठेवले. दुपारी एक गिऱ्हाईक आलं, त्याला पुढची दोन चाकं बदलून हवी होती. ती बदलून होईपर्यंत त्या तिथेच होत्या.